त्यांनी सगळं आधीच सांगितलं होतं

माणसाने स्वतःच्याच मालाची इतकी बदनामी करू नये, असं मला शेठना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा वाटलं होतं. उल्हासनगरच्या कॅम्प एकमध्ये त्यांचं ऑनिंगचं दुकान. ऑनिंग म्हणजे दुकानापुढे, गॅलरीवर किंवा पोर्चला लावतात ते कापडी छत. हँडल फिरवलं की बाहेर येतं, उलटं फिरवलं की गुंडाळून आत जातं. मी गेलो तेव्हा एक जोडपं नवं कापड बघत होतं. बाईंनी त्यावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "छान आहे हो."

शेठ एकदम उखडले. "काय छान आहे? तुम्ही अजून बघितलं कुठे?"

त्यांनी तो कोरा तुकडा बाईंच्या हातातून ओढून घेतला, कणीक तिंबावी तसा दोन्ही हातांनी चुरगळला आणि दारात उजेडाला धरला. कापडभर काळसर रेषा उमटल्या होत्या.

"आता बोला, छान आहे? ह्या रेषा जाणार नाहीत. धुवा, इस्त्री करा, देवाला नवस बोला, जाणार नाहीत. आता नख द्या."

"नख?"

"नख, नख. ओढा इथे. माझं नाही, तुमचं. उद्या म्हणाल शेठने जादू केली."

बाईंनी भीत भीत नख ओढलं. पाटीवर खडू ओढावा तशी पांढरी रेघ आली. शेठ खूश झाले. "बघितलं? फाटलं नाही. पाणी झटकायला कापडाला लेपाचा जो हात दिलेला असतो ना, तो तिथे मोडला. बसवताना माझ्या माणसाच्या हातूनही अशा रेघा पडणार. पाच-दहा तर पडणारच. चालेल?"

नवरा-बायकोने एकमेकांकडे बघितलं. "विचार करून सांगतो," असं म्हणून दोघे गेले ते गेलेच. शेठ माझ्याकडे वळून समाधानाने म्हणाले, "गेले. चांगलं झालं. नंतर भांडण्यापेक्षा आधी गेलेले बरे. तुम्ही बोला साईं, तुम्हाला काय पाहिजे?" समोरच्याला आदराने साईं म्हणायची त्यांची सिंधी सवय.

पुढे माझं तिथे जाणं-येणं सुरू झालं. त्यांच्या दुकानाच्या दारावर त्यांचंच एक जुनं ऑनिंग होतं. एके काळी ते हिरवं असावं. आता त्याला रंग म्हणावा असं काही उरलं नव्हतं. शिवणीच्या दोन्ही बाजूंनी कापडाला लाटा आलेल्या, कडा ताणून खाली लोंबलेल्या, मध्ये पाणी साठून पोटासारखा फुगा आलेला. गिऱ्हाईक हमखास विचारायचं, शेठ, तुमचंच ऑनिंग असं कसं? त्यावर त्यांचं ठरलेलं उत्तर असे. "मुलगी पसंत करण्याआधी सासू बघून घ्या. पाच-सहा वर्षांनी तुमचं असं दिसणार आहे. पटत असेल तर आत या." लाटा का येतात हेही ते समजावून सांगत. शिवणीत कापड दुहेरी होतं, नळीवर गुंडाळताना तिथे जाड होतं, मग शेजारचं कापड ताण खातं. हे सांगताना ते स्वतःच्या शर्टाची बाही गुंडाळून दाखवत. शर्टाला कधी इस्त्री नसे. ज्या माणसाला रोज इस्त्री लागते त्याचा भरवसा काय, असं त्यांचं म्हणणं. माझा शर्ट कडक इस्त्रीचा असायचा. त्याच्याकडे बघतच ते हे म्हणायचे.

ते असं का वागतात हे मी त्यांना बरेचदा विचारलं. एकदा म्हणाले, वडिलांनी शिकवलं. एकदा म्हणाले, वडील पक्के लबाड होते, त्यांचं बघून मी उलटं शिकलो. आणखी एकदा म्हणाले, "कसली सचोटी साईं, ही धंद्याची युक्ती आहे. एवढं ऐकूनही जो घेतो, तो जन्मात तक्रार करत नाही." यातलं खरं कुठलं? मला आजही सांगता येणार नाही. आणि ते काही सर्वज्ञ नव्हते. गडद निळा रंग उन्हात सगळ्यात जास्त टिकतो असं त्यांनी कोणाकोणाला छातीठोकपणे सांगितलं होतं, आणि ते सगळे निळे दोन-तीन उन्हाळ्यांत राखाडी झाले. मग त्यांनी त्या गिऱ्हाइकांच्या घरी जाऊन, "निळ्याचं मी चुकीचं सांगितलं," असं सांगून यायचा सपाटा लावला. कोणी बोलावलं नव्हतं, कोणाची तक्रार नव्हती. एका घरी तर जेवायच्या वेळी जाऊन उभे राहिले.

त्यांना एकच मुलगी. तिला बघायला मंडळी आली तेव्हाची गोष्ट मला तिनेच सांगितली. सिंधी घरच्या रिवाजाप्रमाणे पाहुण्यांपुढे पापड आणि पाणी आलं. मुलाच्या वडिलांनी पापड मोडला आणि रीतीने म्हणाले, "मुलगी गुणी दिसते."

शेठ म्हणाले, "तसं नाही. रागावली की दोन-दोन दिवस बोलत नाही. स्वयंपाक येतो, पण मनापासून करत नाही. लहानपणी पडली होती, गुडघ्यावर मोठा डाग आहे. झोपेत घोरते. चालेल?"

आतून आईने कपाळावर हात मारून घेतला. मुलाचे वडील म्हणाले, "मग चांगलं काय आहे?"

"ते तुम्ही बघा. चांगलं सांगायला मी एजंट आहे का?"

ती मंडळी गेली. मुलगी खरंच दोन दिवस वडिलांशी बोलली नाही. पुढे दुसरं स्थळ आलं, त्यांनाही हेच ऐकवण्यात आलं. त्या मुलाची आई हसत सुटली आणि म्हणाली, "आमचाही घोरतो." लग्न झालं. मुलगी त्याच कॅम्पात दिली, ती सकाळी घरचं आवरून दुकानात येते, मशीनवर बसते. हे सांगताना ती मला म्हणाली होती, "अंकल, पप्पा दुष्ट नाहीत. पण त्यांना काही लपवायला सांगा ना, त्यांचं पोट दुखतं."

हे सगळं मला माहीत होतं. मुद्दाम लिहितो, कारण पुढे मी जे केलं ते माहीत नसलेल्या माणसाने केलेलं नाही.

अंबरनाथ पूर्वेला आमची सोसायटी आहे. गेटच्या आत सिमेंटच्या बाकांचा कट्टा, तिथे आम्ही म्हातारे संध्याकाळी बसतो. त्यावर छत हवं असं ठरलं. मी सेक्रेटरी होतो. कमिटी म्हणाली, तुमची ओळख आहे, तुम्हीच बघून या. मी गेलो. शेठनी माझ्यासमोर कापड चुरगळलं, उजेडात धरलं. ओळखीचा म्हणून मला सूट मिळाली नाही. मी माझ्या हाताने नख ओढलं. मी क्रीम रंग मागितला, कारण इमारत क्रीम आहे. ते म्हणाले, "क्रीम घेऊ नका साईं. फिक्या कापडात रेषा जास्त काळ्या दिसतात. लोक म्हणतील मळकं लावलं." मी म्हटलं, क्रीमच द्या. "सोसायटीत सगळ्यांना सांगाल ना हे?" त्यांनी विचारलं. "सांगतो हो," मी म्हणालो.

मी कोणालाच सांगितलं नाही. मुद्दाम नव्हे. बाजारात जायचं होतं, घरी पाहुणे होते, राहून गेलं.

ऑनिंग लागलं. पहिल्या दिवशी सगळे खाली उभे राहून वर बघत होते. दुसऱ्या दिवसापासून बघण्याची तऱ्हा बदलली. तिसऱ्या मजल्यावरच्या मॅडमना रेषा दिसल्या. कोणाला पांढऱ्या रेघा दिसल्या. पावसाळा झाला तशा कडा सैल होऊन लाटा आल्या. "कोणाचं तरी वापरलेलं आणून लावलंय," असं कट्ट्यावर सुरू झालं. ऑनिंग पाणी अडवत होतं, सावली देत होतं, त्याच्याखाली बसूनच हे बोलणं चाललं होतं.

मग मीटिंग बोलावली, त्याच कट्ट्यावर. अध्यक्षांनी शेठनाही बोलावून घेतलं. ते आले, तो न इस्त्रीचा शर्ट, हातात कापडाचा तुकडा. त्यांनी आल्या आल्या तो चुरगळून दाखवायला सुरुवात केली. अध्यक्ष म्हणाले, "ते आता दाखवून काय उपयोग? माल देताना सांगायचं होतं."

"सांगितलं होतं ना," शेठ म्हणाले. "तुमच्या सेक्रेटरीसाहेबांना."

सगळे माझ्याकडे वळले. मागून कोणीतरी म्हणालं, "सेक्रेटरींचा आणि शेठचा घरोबा दिसतोय." दोघे-तिघे हसले.

"साईं," शेठ मला म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर काळजीचा मागमूस नव्हता. "मी सांगितलं नव्हतं?"

मी म्हणालो, "मला तसं काही आठवत नाही."

हे वाक्य मी का बोललो, यावर मी इतका विचार केला आहे की आता त्या विचारालाच अर्थ राहिलेला नाही. माझं काय जाणार होतं? सेक्रेटरीपद? ते बिनपगारी होतं आणि मला नकोच होतं. लोक हसले म्हणून? मी कारखान्याच्या स्टोअर्समध्ये उभा जन्म काढला, लोक माझ्यावर यापेक्षा वाईट हसले आहेत. तोंड उघडलं आणि ते वाक्य बाहेर आलं, इतकंच मला दिसतं.

आणि शेठ भांडले नाहीत. ते भांडले असते तर मी कदाचित कबूल केलं असतं. ते माझ्याकडे बघत राहिले. मला वाटतं, मी खोटं बोलू शकेन हे त्यांच्या डोक्यातच आलं नाही. मग हळूच म्हणाले, "असं? मग राहून गेलं असेल माझ्याकडून." कापडाची घडी घातली, खिशात कोंबली आणि गेले.

एका मुलाने हे सगळं मोबाईलवर घेतलं होतं. "काही न सांगता माल गळ्यात मारणारा ऑनिंगवाला" म्हणून तो व्हिडिओ अंबरनाथ, बदलापूर, विठ्ठलवाडी, सगळीकडच्या सोसायट्यांच्या ग्रुपवर फिरला. ज्या माणसाने जन्मभर न विचारता सगळं सांगितलं, त्याचं नाव "न सांगणारा" म्हणून झालं. मी तो पाहिला. कुणीतरी मलाच पाठवला होता.

मी पुढे त्या बाजूला गेलो नाही. वर्षं गेली.

गेल्या हिवाळ्यात मी इथल्याच एका डॉक्टरांकडे गुडघा दाखवायला गेलो होतो. बाकावर शेठ आणि त्यांची मुलगी बसलेले. मला उठून जायचं होतं, पण त्यांनी ओळखलं. मुलीच्या आधाराने उभे राहिले आणि त्यांनी दोन्ही हात जोडले.

"साईं, तुमच्या सोसायटीचं काम मी बिघडवलं. मी सांगायचं विसरलो. माफ करा."

"बसा, बसा," एवढंच मी म्हणत राहिलो.

ते आत गेले तेव्हा मुलगी मला सांगू लागली. त्या मीटिंगनंतर शेठ गिऱ्हाइकाला सगळं सांगायचे, आणि ते दुकानाबाहेर पडलं की मुलीला विचारायचे, "मी रेषांचं सांगितलं ना? तू ऐकलंस?" मग गिऱ्हाइकाच्या घरी फोन. मग पुन्हा फोन. लोक वैतागले. पुढे पुढे दुसऱ्या गोष्टींचंही तेच. मी जेवलो का, मी गॅस बंद केला का, शटर ओढलं का. "डॉक्टर म्हणतात वयाच्या मानाने काही विशेष नाही. सगळ्या टेस्ट ठीक आहेत. पण पप्पा म्हणतात, एकदा एवढी मोठी गोष्ट विसरलो, म्हणजे डोकं गेलं. दुकानाच्या चाव्या त्यांनी स्वतःच मला देऊन टाकल्या. काहीतरी घोळ करीन म्हणतात."

मी गुडघा न दाखवताच घरी आलो.

आधी सोसायटीच्या मीटिंगमध्ये उभा राहिलो. म्हटलं, शेठनी मला सगळं सांगितलं होतं, मी खोटं बोललो. जुने अध्यक्ष मुलाकडे पुण्याला राहायला गेले होते. नवीन मंडळी एकमेकांकडे बघू लागली. "कुठले शेठ, काका?" एकाने विचारलं. तिसऱ्या मजल्यावरच्या मॅडम म्हणाल्या, "जाऊ द्या हो, झालं ते झालं. आता पाण्याच्या टाकीचं घ्या." आणि त्यांनी पाण्याच्या टाकीचं घेतलं.

मग मी कॅम्प एकला गेलो. शेठ दुकानात एका खुर्चीवर बसून होते, कोणाशी बोलत नव्हते. मुलगी मशीनवर. मी समोर बसून सगळं सांगितलं. तुम्ही चुरगळून दाखवलंत, मी नख ओढलं, तुम्ही क्रीम नको म्हणालात. मी मीटिंगमध्ये खोटं बोललो.

शेठनी शांतपणे ऐकलं आणि माझ्या हातावर थोपटलं. "साईं, तुमचंही वय झालं. माझं असं आहे, जे झालं ते आठवत नाही. तुमचं उलटं. जे झालं नाही ते आठवतंय." मग मुलीला म्हणाले, "अंकलला चहा दे. चांगला माणूस आहे. माझ्यासाठी खोटं बोलतोय."

मला एक क्षण खरंच वाटलं, की तेच बरोबर असतील. घरी येऊन मी माझं नख बघत बसलो, जणू त्यावर काही लिहिलेलं असणार होतं.

निघताना मुलगी रस्त्यापर्यंत आली होती. "अंकल, खरं बोललात ना? की पप्पांना बरं वाटावं म्हणून?"

"खरं बोललो."

तिला राग आला असणार, चेहरा बदलला होता. पण ती एवढंच म्हणाली, "मग परत या. पप्पा हल्ली एकदा सांगून काहीच मानत नाहीत."

म्हणून मी जात राहिलो. कधी आठवड्याने, कधी पंधरवड्याने. दर वेळी तेच सांगायचं, दर वेळी ते काहीतरी खोट काढायचे. "मी क्रीम नको म्हणालो? का म्हणेन? क्रीमला किती मागणी असते." मग मी फिक्या कापडातल्या रेषांचं त्यांचंच बोलणं त्यांना ऐकवायचो. "हे मी कुठेही बोललो असेन, तुम्ही दुसरीकडे ऐकलं असेल." एकदा म्हणाले, "समजा सांगितलं. मग सोसायटीतल्या बाकीच्यांना कसं कळलं नाही?" मी म्हटलं, तुम्ही मला सांगायला सांगितलं होतं, माझ्याकडून राहून गेलं. हे त्यांना नवीन होतं. आपलं नव्हे, दुसऱ्या कोणाचं तरी सांगायचं राहून गेलं, हे.

परवा गेलो तेव्हा मी बसायच्या आतच त्यांनी सुरुवात केली. म्हणाले, "त्या दिवशी तुमच्या अंगात पांढरा शर्ट होता. मी म्हटलं होतं तुम्हाला, ह्या शर्टावर एवढीशी रेघ चालत नाही तुम्हाला, ऑनिंगवर कशी चालेल. तुम्ही हसला होतात."

हे मी त्यांना सांगितलेलं नव्हतं. मला स्वतःलाच आठवत नव्हतं. पण ते म्हणाले आणि मला ते हसणं आठवलं.

"हो," मी म्हणालो. "हसलो होतो."

"म्हणजे मी सांगितलं होतं."

"सगळं सांगितलं होतं, शेठ."

मुलीचं मशीन थांबलं. शेठ माझ्याकडे बघत होते, त्या मीटिंगमध्ये बघितलं होतं तसंच. फक्त या वेळी, मी खोटं बोललो होतो हे त्यांच्या डोक्यात शिरलं होतं.

"मग सगळ्यांसमोर आठवत नाही का म्हणालात?"

"ठाऊक नाही."

"ठाऊक नाही म्हणजे?"

"खरंच ठाऊक नाही, शेठ. मी खूप शोधलं. कारण सापडत नाही."

ते उभे राहिले. कोणाचा आधार न घेता. "मी इतकी वर्षं माझ्या पोरीला विचारतोय, मी जेवलो का. आणि तुम्हाला ठाऊक नाही? उठा. माझ्या दुकानातून उठा."

"पप्पा, अंकल वयाने—"

"तू मध्ये पडू नकोस! याला सांगितलं होतं मी. ह्याच ठिकाणी. ह्याच्या तोंडावर. सगळं सांगितलं होतं!"

आवाज एवढा मोठा होता की शेजारचा पडदेवाला आणि समोरचा कुलूपवाला दोघेही बाहेर आले. शेठ आता त्यांना सांगू लागले, माझ्याकडे बोट दाखवून, पहिल्यापासून, एकही गोष्ट न गाळता. मी चपला शोधत होतो. त्या पायरीच्या खाली गेल्या होत्या. वाकून काढल्या आणि घातल्या. मला लाज वाटत होती आणि त्याच वेळी त्यांचा तो आवाज ऐकत तिथेच उभं राहावंसं वाटत होतं. माणसाला एका वेळी या दोन्ही गोष्टी कशा वाटू शकतात, मला कळत नाही.

मुलगी पायरी उतरून माझ्यामागे आली.

"अंकल, आता परत येऊ नका," ती म्हणाली. तिने माझा हात दोन्ही हातांत घट्ट धरला होता, आणि ती तो सोडत नव्हती.